माझ्या दारातला आठवडा

सरपंचाच्या दारात एक सकाळ. मुकादमाच्या दारात दोन दिवस. आणि माझ्या दारात पुरा आठवडा. हा भाव मला तेव्हाही मान्य नव्हता आणि आजही नाही. मी जनावरांच्या बाजारात वाढलेला माणूस. एकाच मालाला तीन गिऱ्हाइकांकडून तीन भाव घेतले, तर तिसऱ्याला राग येणारच. आणि मला राग यायला तर एवढंही कारण लागत नाही.

हा भाव लावणारे गृहस्थ आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेचे हेडमास्तर होते. सगळे त्यांना गुरुजी म्हणायचे. नेकनूरपासून थोडं आत, डोंगराच्या कुशीत आमचं गाव. इथं बदली झालेला मास्तर आधी बीडला खोली बघतो, मग एसटीचा पास काढतो आणि शेवटी शाळा कुठं आहे ते विचारतो. गुरुजी कडा गावाकडचे. ते आले ते पत्र्याची पेटी आणि वळकटी घेऊन, आणि गावातच एक खोली भाड्यानं घेऊन राहिले. पांढरा शर्ट, खिशात पेनाऐवजी खडू, त्यामुळे शर्टाचा खिसा कायम शर्टापेक्षा जास्त पांढरा. पहिलीतल्या शेंबड्या पोरालाही ते ‘साहेब’ म्हणायचे. वर्गात शेळी शिरली तर तिलाही ‘बाई, जरा बाहेर बसा’ असं सांगायचे. मला ते ‘शेठ’ म्हणत. त्यात आदर किती आणि टोमणा किती, हे मला कधीच तोलता आलं नाही.

त्यांची एक रीत होती. शाळेत काही मोडलं, गळलं, आटलं, की ते पोरांना गोल बसवायचे आणि विचारायचे, “बोला साहेब, हे कोणामुळं?”

पोरं डोकं चालवायची. एक म्हणायचं पावसामुळं, दुसरं म्हणायचं उंदरामुळं. गुरुजी मान हलवत राहायचे. शेवटी कुणीतरी माणसाचं नाव घ्यायचं. मग ते उठायचे. “चला, आजचं दार ठरलं.”

पोरं बसायची पोती काखेत मारायची, दोन मोठी पोरं फळा उचलायची, पितळी घंटा गुरुजींच्या हातात. अख्खी शाळा त्या माणसाच्या दारात जाऊन बसायची. घोषणा नाही, निवेदन नाही, तक्रारीचा एक शब्द नाही. प्रार्थना व्हायची, हजेरी व्हायची, बेरजा व्हायच्या. दुपारची खिचडीसुद्धा तिथंच यायची. घरमालक बाहेर आला की गुरुजी हात जोडायचे. “आमचं काही न्हाई. तुमचं चालू द्या.”

सरपंचाच्या ओसरीत शाळा गेली ती गळक्या पत्र्यांमुळे. वर्षानुवर्षं सरपंच ‘बघू, करू’ म्हणत होते. त्या सकाळी नेमके त्यांच्या मुलीला बघायला पाहुणे आलेले. पोहे बाहेर येतायत आणि ओसरीत पोरं बाराखडी म्हणतायत. गुरुजींनी पाहुण्यांसाठी स्वागतगीतही म्हणायला लावलं. सरपंचाचं तोंड बघायला मी मुद्दाम रस्ता बदलून गेलतो. दुपारी शाळेवर नवे पत्रे चढले. पाहुणे येणार हे आपल्याला ठाऊक नव्हतं, असं गुरुजी पुढंही सांगायचे. सांगताना मात्र चष्मा पुसायचे.

मुकादमाचं प्रकरण वेगळं. आमच्याकडे दिवाळी झाली की ऊसतोडीला माणसं जातात. मुकादम टोळ्या बांधतो, ट्रक भरतो, आणि त्या ट्रकात भांडीकुंडी, कोंबड्या आणि पोरं सगळं एकत्र जातं. मागं शाळेत अर्ध्या जागा रिकाम्या. गुरुजी उरलेली पोरं घेऊन मुकादमाच्या दारात बसले आणि हजेरी घ्यायला लागले. एकेक नाव मोठ्यानं पुकारायचं, आणि उत्तर येईपर्यंत थांबायचं. जो कारखान्यावर गेलाय त्याचं उत्तर कुठून येणार? तरी थांबायचं.

मुकादम बनियनवरच बाहेर आला. “ए मास्तर, सकाळी सकाळी काय लावलंय हे? आईबाप नेतेत पोरं. मी नेतो का?”

“आईबाप उसाच्या फडावर हायेत, साहेब. तुमी इथं हाव,” गुरुजी म्हणाले, आणि पुढचं नाव पुकारलं.

दुसऱ्या दिवशी मुकादमाची म्हातारी आई काठी टेकत उंबऱ्यावर येऊन बसली. गुरुजींनी नाव पुकारलं. थांबले. तेव्हा म्हातारीच बोलली, “न्हाई रं बाबा ते. कर्नाटकात गेलं.” पुढचं नाव. “तेबी गेलं. लई बारीक हाय ते, थंडीत कसं निभतंय कुणास ठाऊक.” अशी ती सगळ्या गैरहजर पोरांच्या वतीनं उत्तरं देत गेली आणि शेवटी पदर डोळ्याला लावून आत गेली. त्या रात्री मायलेकात काय झालं कुणास ठाऊक. पण पुढच्या हंगामात, ज्यांची आजी किंवा आत्या गावात होती ती पोरं मागं राहिली, आणि त्यांच्यासाठी म्हातारीच्या चुलीवर भाकरी व्हायला लागल्या.

एकदा ही पाळी खुद्द गुरुजींवर आली. ताप होता, गोळी घेऊन वर्गात आले आणि खुर्चीत झोपले. जाग आली तेव्हा पोरं शांतपणे त्यांच्या घोरण्याची नक्कल करत होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी पोरांना गोल बसवलं. “कालचा दिवस वाया गेला. कोणामुळं?” पोरं एकमेकांना ढोसायला लागली. “लाजू नका साहेब, नाव घ्या.” आणि मग सगळी शाळा त्यांच्या भाड्याच्या खोलीपुढं बसली. ते स्वतः उंबऱ्याच्या आत अपराध्यासारखे उभे राहिले आणि मोठ्या वर्गाच्या पोरीला शिकवायला लावलं.

आता माझं. मी कोण ते सांगतो, म्हणजे माझा राग समजेल. आमचं घर शेळ्यामेंढ्यांमागं हिंडणारं. मी याच शाळेत चौथीपर्यंत होतो. होतो म्हणजे नाव होतं. त्या वेळचे मास्तर बीडला राहायचे, आले तर यायचे, न आले तर नाही. आम्ही शाळेच्या भिंतीवर चढून रस्त्याकडं बघायचो. एसटी आली, मास्तर उतरले नाहीत, की पोरं ओरडत घरी. चौथी झाली तेव्हा मला माझं नाव धड लिहिता येत नव्हतं. पुढं शेळ्या विकल्या, बैल विकले, बाजारात शिव्या खाल्ल्या, शिव्या दिल्या, बोर्ड वाचायला बाजारातच शिकलो. जीप घेतली. माझी पोरगी त्या शाळेत जाणार नाही, एवढं मी ठरवलं होतं. तिला मोठ्या गावातल्या इंग्रजी शाळेत घातलं. मग शेजारीपाजारी म्हणाले, आमचीबी न्या. मी नेली. जीप भरली. गिऱ्हाईक होतं म्हणून गाडी होती. यात माझं काय चुकलं, ते मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.

आणि एके सकाळी बघतो तर माझ्या अंगणात पोती पसरलेली, फळा माझ्या कडुनिंबाला टेकवलेला, आणि गुरुजी हात जोडून उभे.

“आमचं काही न्हाई शेठ. तुमचं चालू द्या.”

“माझ्या दारात कावून?” मी ओरडलो. “तुमचं काय मोडलं मी?”

“पट मोडला,” ते म्हणाले. पट म्हणजे शाळेतल्या पोरांची संख्या. “साहेबांनी सांगितलं, तुमची जीप जाती म्हणून.”

पहिल्या रांगेतले ‘साहेब’ नाक पुसत माझ्याकडं बघत होते.

मी गाडी काढली. पोरं उठली, वाट दिली आणि गाडीतल्या पोरांना ‘नमस्ते’ म्हणाली. गाडीतली पोरं आणि खालची पोरं, सगळी एकाच गल्लीची. एकमेकांकडं बघतच राहिली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. माझी बायको तर त्यांना ताक द्यायला लागली. मी तिला विचारलं, तू कुणाच्या बाजूची? ती म्हणाली, “ताक उरलं होतं.” आमच्या घरी ताक कधी उरत नाही.

बाकीची पोरं गोळा होईपर्यंत माझी पोरगी गाडीत बसून असायची. गुरुजींनी फळ्यावर गणित घातलं की ती खिडकीतून उत्तर ओरडायची. कधी बरोबर, कधी चूक. गुरुजी वळून न बघता म्हणायचे, “गाडीतल्या साहेबांचं बरोबर आलं.” मी हॉर्न वाजवायचो.

आठवडा भरत आला तेव्हा माझा स्फोट झाला. सगळ्या पोरांदेखत मी बोललो. “पट पट काय करता? माझी चौथी कुणी खाल्ली? माझ्या वेळचा मास्तर घरी बसून पगार खात होता. त्याच्या दारात बसवा की ही शाळा! माझ्या दारात बसायला सोपं वाटतं व्हय?”

मला वाटलं, आता गप्प बसतील. त्यांनी हातातला खडू खिशात ठेवला. मग म्हणाले, “खरं हाय. ते कुठं राहतेत?”

मला ठाऊक होतं. बीडला गेलो की मी त्या गल्लीतून जायचो. दार ठोठावलं कधी नव्हतं, पण ठोठावल्यावर काय बोलायचं ते पाठ होतं. तर दोन दिवसांनी गुरुजी, सगळी शाळा आणि मी, असे एसटीनं बीडला निघालो. माझी जीप असताना एसटीनं, कारण गुरुजी म्हणाले, “तुमी वादी हाव शेठ. वादीच्या गाडीत कसं बसायचं?”

दार म्हाताऱ्या मास्तरांनीच उघडलं. अंगात स्वेटर, कानात यंत्र. समोर रांगेत पोरं बघून त्यांचा चेहरा असा काही उजळला की मी पाठ केलेलं वाक्य सोडून आधी पायातली चप्पल काढली. त्यांना वाटलं, जुन्या शाळेची पोरं आपल्याला भेटायला आलीत. आत हाक मारली, “अगं ए, गावाकडची शाळा आली बघ! चिवडा काढ!” पोरं दारात बसली. त्यांनी एकेकाला पाढे विचारले. चुकलं तर “असू दे, असू दे” म्हणाले. माझ्याकडं बराच वेळ बघून म्हणाले, “तू शेळ्यावाल्याचा ना? भिंतीवर बसायचास.”

मी म्हणालो, “तुमची वाट बघत बसायचो.”

त्यांना ऐकू आलं. त्यांनी कानातलं यंत्र नीट बसवलं. “आई अंथरुणाला होती इथं,” ते म्हणाले. “बदली मागत होतो. वरचे साहेब देत नव्हते. मग मीबी हट्टाला पेटलो. देत न्हाई ना बदली, मग जात न्हाई. साहेबाचा राग मी तुमच्यावर काढला, दुसरं काय.”

“ते साहेब कुठं राहतेत?” गुरुजींनी सरळ विचारलं. त्यांच्या डोक्यात पुढचं दार तयार होतं.

“वारले.”

परतीच्या एसटीत पोरं एकमेकांवर कलंडून झोपली होती. माझ्या मुठीत पाहुणचाराचा चिवडा होता, खाववत नव्हता आणि टाकवत नव्हता. एवढ्या वर्षांचा राग घेऊन गेलो आणि चिवडा घेऊन परत आलो. मी चिडून म्हणालो, “झालं? मास्तर म्हणतो साहेब, साहेब तर मेला. मुकादम म्हणतो आईबाप, आईबाप म्हणतेत पोट. मग जबाबदार कोण, ते सांगा की आता.”

गुरुजी खिडकीबाहेर बघत म्हणाले, “असतील सगळेच. पण मेलेल्याच्या दारात वर्ग भरत न्हाई, शेठ. ज्याचं दार उघडं हाय, तिथंच बसावं लागतंय.” मग हळूच, “तुमचं उघडं हाय.”

“माझं काय म्हणून उघडं?”

“तुमी अजून चिडताव. बाकीच्यांनी चिडायचं सोडलंय.”

दुसऱ्या दिवसापासून शाळा परत शाळेत भरायला लागली. मला वाटलं, मिटलं. पण बाजाराच्या दिवशी नेकनूरला बैलांच्या गर्दीत, शेणातून पाय उचलत, तो पांढरा शर्ट माझ्याकडं येताना दिसला. वरून कळवलं होतं की पट वाढला नाही तर शाळा बंद करून पोरं ओढ्यापलीकडच्या गावात पाठवायची. पावसाळ्यात त्या ओढ्यात आम्ही बैल घालायलाही भितो.

“शेठ, दस्ती हाय का?” गुरुजींनी विचारलं.

आमच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर दस्ती, म्हणजे खांद्यावरचा मोठा रुमाल, टाकायची आणि तिच्याखाली बोटं धरायची. जितकी बोटं तितका आकडा, सगळा पंजा धरला की पाच. बघणाऱ्याला काही कळत नाही. पटलं की विकणारा एकच शब्द बोलतो, “दिलं.” त्यानंतर मागं फिरणारा माणूस बाजारात परत तोंड दाखवत नाही. हे गुरुजी कधी शिकले देव जाणे. मी गंमत म्हणून खांद्यावरची दस्ती हातांवर टाकली. त्यांनी माझा पंजा धरला.

भोवतीचे व्यापारी हसायला लागले. “गुरुजी, बैल घेताव का गाय?”

“पोरं,” ते म्हणाले. “शेठच्या गाडीतली. एक त्यांच्या घरची.”

हसणं थांबलं. मी त्यांची दोन बोटं दाबली. त्यांनी मान हलवली आणि पुन्हा पंजा. मी तीन दाबली. पुन्हा पंजा. पहिल्या भावाला मी आयुष्यात कधी माल दिलेला नाही. पण दस्तीखाली एवढे हात धरलेत मी, की हातावरून माणूस कळतो. उठून जाऊ शकणाऱ्या गिऱ्हाइकाचा हात सैल असतो. ह्यांचा हात खडूनं भेगाळलेला, आणि माझी बोटं घट्ट आवळून होता. हा माणूस उठून जाऊ शकत नव्हता. असं गिऱ्हाईक लुटायला सगळ्यात सोपं. मी त्या दिवशी लुटलं नाही, एवढंच.

“दिलं,” मी म्हणालो.

शाळा राहिली. माझी पोरगी सातवीपर्यंत तिथंच शिकली. जीप उलटी फिरायला लागली, वस्त्यांवरची पोरं घेऊन आमच्या शाळेकडं. गुरुजी निवृत्त झाले त्या दिवशी मी त्यांना एकटं गाठून विचारलं, “सगळं जाऊ द्या. सरपंचाला एक सकाळ, मला आठवडा, हे कसं?” ते म्हणाले, “तुमच्याकडं सावली चांगली होती, शेठ.” हे काय उत्तर झालं? मी तो राग घेऊन घरी आलो आणि जपून ठेवला.

मागच्या महिन्यात कळलं, गुरुजींना लकवा झाला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. बीडला मुलाकडं असतात. जीप दुरुस्तीला होती, मी एसटीनं गेलो. पलंगावर बसवलेले, शर्ट पांढराच, खिसा मात्र रिकामा. मला बघून डावा डोळा हसला. मी आपला जुना हिशोब काढला. त्यांच्या बायकोला म्हणालो, “बघा काकू, सगळ्या गावात एकट्या माझ्याच दारात आठवडाभर बसले होते हे.”

“सांगायचे ना मला,” काकू चहा ठेवत म्हणाल्या. “म्हणायचे, शेठला मागणं सांगून दुसऱ्या दिवशीच उठणार होतो. पण गाडीच्या खिडकीतून त्यांची पोरगी उत्तरं देती. पुढच्या गणिताची वाट बघत असती. उठवंना मला.”

“हे तेव्हाच सांगायला काय झालं होतं?” मी ओरडलो. लकवा झालेल्या माणसावर ओरडलो. काकू दचकल्या. गुरुजींचं अर्धं तोंड हसत होतं.

मग त्यांनी डावा हात थोडा उचलला, माझ्या खांद्याकडं. मला आधी कळलं नाही. मग कळलं. मी दस्ती काढून आमच्या हातांवर टाकली. गावच्या शाळेचा पट पुन्हा घसरलाय, पुन्हा ओढ्यापलीकडची बोलणी चाललीत, हे त्यांच्यापर्यंत पोचलं असणार. त्यांच्या बोटांत जोर नव्हता, तरी त्यांनी एकेक करून माझी सगळी बोटं गोळा केली. पंजा.

“आता कुठून आणू गुरुजी? माझी पोरगी कॉलेजला गेली.” मी दोन दाबली.

पंजा.

मी तीन दाबली. त्यांनी डोळे मिटले आणि पंजा तसाच धरून ठेवला. वस्तीवर एक नवीन घर आलंय, दोन लेकरं आहेत. सरपंचाचा नातू इंग्रजी शाळेच्या बसनं जातो. आणि मुकादमाच्या सुनेची दोन. ती माझं ऐकेल न ऐकेल, पण तिच्या दारात बसता येईल. फळा अजून शाळेतच आहे.

“दिलं,” मी म्हणालो.

सौदा झाला होता. दस्ती काढायला हरकत नव्हती. चहा गार होत होता, आणि शेवटची एसटी मला गाठायची होती. पण त्यांनी हात सोडला नाही, आणि मीही सोडवून घेतला नाही.